संताजीची मूठ

संताजी मगदूमनं उभ्या जन्मात तेलाची विहीर पाहिली नव्हती. तरी तेलविहिरींच्या पोटातला मळ त्याच्या नखांत कायम बसलेला असे. काकीनाड्याहून, राजस्थानातून, कधी पार आसामातून ट्रक यायचे आणि बोम्मसंद्र्यातल्या त्या पत्र्याच्या शेडसमोर मांडीएवढे जाड रबरी होज उतरवून जायचे. विहिरीत सिमेंट नाहीतर चिखल ढकलून ढकलून थकलेले. आतला थर वाळून दगड झालेला, वर तेलाचा ओशट वास. ते आतून साफ करायचे, दाबाखाली तपासायचे आणि परत धाडायचे, एवढंच त्या शेडचं काम. बेंगळुरात सगळे कॉम्प्युटरवर बसतात असं संताजीच्या गावाकडं समजत. तो नेमकं काय करतो हे त्यानं अनेकदा सांगूनही तिथं कुणाला कळलं नव्हतं.

सांगायला तसं सोपं होतं. होजच्या आतल्या मापापेक्षा थोडा मोठा फोमचा बॉल घ्यायचा, भिजवायचा, एका तोंडातून दाबून आत बसवायचा, ते तोंड झाकणानं बंद करायचं आणि बॉलच्या मागून पाणी सोडायचं. बॉल आतला मळ खरवडत, पुसत दुसऱ्या तोंडापर्यंत जातो आणि तिथं लावलेल्या जाळीच्या टोपलीत पडतो. खरी गोम असते ती कुठला बॉल घ्यायचा ह्यात. होज जुना असेल, आतल्या रबराला फुगवटा आला असेल, तर मऊच घ्यावा लागतो. मऊ बॉल अंग चोरून पुढं सरकतो, आणि अडकलाच तर त्याच्या बाजूनं दाब निसटून जातो. कडक बॉल मळ झक्क काढतो, पण अडकला की बुचासारखा बसतो आणि मागचा सगळा दाब धरून ठेवतो. नवे बॉल रंगावरून ओळखता येतात. मऊ पिवळा, कडक लाल. पण ह्या शेडमध्ये बॉल टाकून द्यायची पद्धत नव्हती. धुवायचा, वाळवायचा, पुन्हा घालायचा. चार होजांतून फिरून आला की पिवळा काय नि लाल काय, सगळे एकजात काळे. मग ओळखायचे कसे? तर संताजीच्या मुठीनं.

ही मूठ त्याला बापाकडून मिळाली होती. बाप निपाणीला तंबाखूच्या वखारीत होता. पानांचा झुबका मुठीत दाबायचा, सोडायचा आणि आत ओल किती ते सांगायचा, आणि व्यापारी त्याच्या शब्दावर सौदा करायचे. पोरवयात संताजी त्याच्याशेजारी बसून दाबायला शिकला. बेंगळुरात आल्यावर तंबाखू सुटली, दाबणं तेवढं राहिलं. काळ्या बॉलांच्या ढिगात हात घालायचा, दाबायचा आणि मऊ, मधला, कडक असं बोलत बाजूला टाकायचा. बोलायला त्याला वेळ लागत नसे, आणि आपल्याला वेळ लागत नाही ह्याचा त्याला फार अभिमान होता.

शेडचा मॅनेजर रघुनंदन त्याच्या ह्या हातावर खूश असे. रघुनंदन बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातला, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातच मुरलेला. त्याचं मराठी अर्धं कन्नडच्या वळणाचं. कुणी गिऱ्हाईक शेड बघायला आलं की तो संताजीला हाक मारायचा, "अहो संताजी, स्वल्प हात दाखवा की ह्यांना!" मग संताजी डोळे मिटून बॉल दाबून दाखवायचा आणि पाहुणे मान डोलवायचे. ह्याच रघुनंदननं एकदा कडकपणा मोजायचं छोटं यंत्रही आणलं होतं. संताजीनं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, ह्याला जेवायबिवायला घालावं लागतंय का?" सगळी शेड हसली. यंत्र कपाटात गेलं आणि तिथंच धूळ खात पडलं. हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज कृष्णातचा होता.

कृष्णातला ह्या कामावर आणलं ते संताजीनंच. गावाकडं एकाच गल्लीतले दोघं. कृष्णात पुष्कळ लहान, त्याला अण्णा म्हणायचा आणि अण्णा म्हणेल ते डोळे झाकून ऐकायचा. होजला बॉल घालणं, झाकण लावणं, दाब सोडणं ही कामं कृष्णातची. बॉल निवडून देणं संताजीचं. चंदापुऱ्याला कृष्णात आणि त्याची बायको धनलक्ष्मी खालच्या खोलीत राहायचे, बायको वारल्यापासून संताजी वरच्या खोलीत. संध्याकाळचं जेवण त्याचं खालीच असे. धनलक्ष्मी कपड्यांच्या कारखान्यातून दमून यायची, तरी भात-सार गरमच वाढायची, आणि वाढताना हटकून म्हणायची, "निवू द्या की स्वल्प, अण्णा." थोड्या वेळानं "जेवा आता" म्हणायची. तेव्हा तो पानात हात घालायचा.

लोकांना वाटे, म्हातारा मान ठेवतोय. खरी गोष्ट वेगळी होती. ज्या उन्हाळ्यात बेंगळुराच्या बोअरवेली आटल्या, त्याच्या आधीच्या थंडीत संताजीची बोटं मेली होती. आधी शर्टाची बटणं लागेनात. मग एक दिवस चहाचा ग्लास हातात धरून तो गप्पा मारत बसला आणि कुणीतरी ओरडलं तेव्हा त्याला कळलं की बोटांवर फोड आलेत. डॉक्टरनं साखर तपासली आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, साखर जुनी आहे, हातापायांच्या नसा गेल्यात, गेलेलं परत येणं कठीण. संताजीनं गोळ्या घेतल्या आणि तोंड बंद ठेवलं. शेडमध्ये त्याच्या नावावर दुसरं होतं काय? ना शिक्षण, ना मशीन चालवायचं कसब. मूठ गेली म्हणजे संताजी गेला, असं त्याचं त्यालाच वाटे. भीती वाटे, आणि भीतीपेक्षा लाज जास्त.

मग त्यानं चोरवाटा शोधल्या. पानातलं निवलं की नाही, हे तो धनलक्ष्मीच्या शब्दावरूनच ओळखायचा. कुणाचं लक्ष नसलं की तो बॉल ओठांना दाबून बघायचा. ओठ अजून शाबूत होते. कुणी असलं की सहज टाकल्यासारखा जमिनीवर टाकायचा. कडक बॉल उंच उसळतो, मऊ बसतो. असं करत त्याचे दिवस निभावले. त्याला वाटलं, असंच निभावेल. मला ह्या माणसाची दया येते आणि त्याच दमात चीडही येते. एकदा, फक्त एकदा "कृष्णात, तू दाबून बघ रे" म्हणाला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

उन्हाळ्यात पाणी संपलं. टँकर येईल तेव्हा खरा. मालकाचा निरोप आला की होज धुवायला पाणी घालवू नका, बॉल हवेनं ढकला. पाणी ढकलतं तेव्हा दाब सुटला की सुटला, पाण्याला उसळी नसते. हवा कोंडली की ती दबा धरून बसते. हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कृष्णात नियम पाळायचा. बॉल आला नाही की हवा बंद करायची, मागचा छोटा कॉक उघडून कोंडलेली हवा सोडून द्यायची, आणि मगच पुढच्या तोंडाशी जायचं. बॉल मऊ असला तर मात्र तो कॉकच्या भानगडीत पडत नसे, कारण मऊ बॉलच्या बाजूनं हवा आपोआप निघून जाते. हेही त्याला संताजीनंच शिकवलेलं. आणि भिजवायला आता एकच पिंप उरलं होतं. मऊ, मधले, कडक सगळे त्याच काळ्या पाण्यात एकत्र तरंगायचे.

त्या दुपारी गिऱ्हाइकाकडची दोन माणसं आली होती. कामाला एक जुना होज घेतला होता, आतून फुगवटा आलेला. त्याला मऊ बॉलच हवा होता. रघुनंदननं नेहमीची हाक दिली, "संताजी, स्वल्प हात दाखवा की!" संताजीनं पिंपात हात घातला. बॉल भिजलेला, त्यामुळं जमिनीवर टाकून उपयोग नव्हता, भिजलेला बॉल उसळत नाही. चार माणसं बघत असताना ओठांना लावणार कसा? त्यानं मूठ आवळली. मुठीत त्याला काहीच लागलं नाही, आणि काहीच लागत नाही म्हणजे मऊच असणार, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

"मऊ हाय. घाल," तो म्हणाला.

पाहुणे हसले, रघुनंदननं मान डोलवली. कृष्णातनं बॉल घातला, झाकण आवळलं, हवा सोडली. तो घालताना त्याच्या हाताला तरी कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण हातात कातडी मोजे, बॉल ठोकून बसवायचा दांडका, आणि अण्णांचा शब्द. बॉल काही आला नाही. कृष्णातनं हवा बंद केली, थोडा थांबला. बॉल मऊ आहे, आतच फाटला असणार, हवा बाजूनं निघून गेली असणार असं धरून त्यानं टोपली काढली आणि आत बघायला वाकला.

आवाज एखाद्या टायर फुटल्यासारखा झाला. कृष्णात मागं फेकला गेला. त्याचा डावा डोळा जागेवरच गेला होता, आणि त्याच्या वरचं हाड आत बसलं होतं.

धावाधाव झाली, गाडी आली, त्याला नेलं. शेड रिकामी झाल्यावर संताजीला बॉल भिंतीपाशी सापडला. तो संडासात गेला, नळाला पाणी नव्हतं, बादलीतल्या पाण्यानं त्यानं त्यावरचं रक्त धुतलं आणि तो ओठांना दाबून बघितला. कडक होता. तिथंच भिंतीला टेकून तो किती वेळ रडला हे त्यालाही सांगता आलं नसतं. मग बाहेर येऊन त्यानं बॉल कचऱ्याच्या पोत्यात टाकला. त्यानंतर त्यानं पुन्हा कधी बॉल तोंडाजवळ नेला नाही.

चौकशीला माणूस आला. त्यानं संताजीला विचारलं, कृष्णातनं कॉक उघडून हवा सोडली होती का? संताजी म्हणाला, "न्हाई." टोपली काढून तोंडासमोर वाकला होता का? "होय." ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बॉल कुठला होता हे त्या माणसानं विचारलं नाही, आणि संताजीनं सांगितलं नाही. ठरलं ते असं की कामगारानं निष्काळजीपणा केला, नियम मोडला. कंपनी मोकळी झाली. रघुनंदन संताजीच्या खांद्यावर हात ठेवून हळहळला, "चांगला होता हो माणूस. पण घाई केली." संताजीनं मान हलवली.

कृष्णात वाचला. घरी आला तेव्हा एक डोळा नव्हता, उजव्या हातात जोर नव्हता, शब्द अडकत अडकत यायचे. आणि तो दिवस त्याच्या डोक्यातून साफ पुसला गेला होता. सकाळी डबा घेऊन निघाल्याचं आठवे, पुढचं काही नाही. तोच त्याचा सगळ्यात मोठा छळ झाला. संध्याकाळी संताजी जेवायला आला की त्याचं सुरू व्हायचं.

"अण्णा, मी कॉक... उघडला न्हवता?"

"न्हाई."

"मी कवाबी उघडतो की. का न्हाई उघडला?"

"कुणास ठाऊक. जाऊ दे आता."

"माझंच चुकलं मग," कृष्णात म्हणायचा आणि भिंतीकडं तोंड करायचा.

धनलक्ष्मीच्या मनातलंही बाहेर पडायचं. नवऱ्याचं सगळं ती करायची, पण दमली की तोंड सुटायचं. "अण्णांनी एवढं शिकवलं, काय उपयोग झाला? वाकायची काय गरज होती? माझा तरी विचार करायचा!" कृष्णात एका डोळ्यानं तिच्याकडं बघायचा. एरवी बायकोला चार शब्द सुनावणारा माणूस. आता गुन्हेगारासारखा ऐकून घ्यायचा. आणि संताजी पानासमोर मान खाली घालून बसायचा, "निवू द्या की स्वल्प" ऐकायचा, "जेवा आता" ऐकायचा आणि जेवायचा. रोज जिना उतरताना आज सांगायचंच असं ठरवायचा. रोज जिना चढताना उद्या सांगू म्हणायचा.

मग व्यायाम सुरू झाला. हाताला जोर यावा म्हणून मऊसा स्पंजचा बॉल दाबत जा, असं दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं. धनलक्ष्मी लगेच म्हणाली, "बॉल काय, आमच्या अण्णांच्याकडं ढीग पडलाय. तुमच्यासारखा कोण निवडणार, अण्णा? एकदम मऊ बघून आणा."

मुठीत मावेल एवढ्या लहान मापाचे नवे, रंगीत बॉल संपलेले होते. जुने काळेच होते. संताजीनं चांगले वाळलेले बाजूला काढले आणि एकेक जमिनीवर टाकून बघितला. ओठांना लावणं त्याच्यानं झालंच नाही. एक बॉल जवळजवळ उसळलाच नाही, पडला तिथंच बसला. हा एकदम मऊ, असं म्हणून त्यानं तो साबणानं घासला, उन्हात ठेवला आणि संध्याकाळी घेऊन गेला. तेल पिऊन पिऊन मेलेला बॉल उसळत नाही आणि दबतही नाही, ही गोष्ट त्याच्या मुठीला पूर्वी झोपेतही कळली असती.

"घे," तो म्हणाला. "लोण्यासारखा हाय."

कृष्णातनं उजव्या हातात घेतला, दाबला. काही झालं नाही. तो खिन्न हसला. आपल्यातच जोर नाही, असं त्याला वाटलं. मग सहज म्हणून त्यानं तो चांगल्या, डाव्या हातात घेतला आणि दाबला. पुन्हा दाबला. त्यानं तो धनलक्ष्मीपुढं धरला. तिनं दाबून बघितला आणि हसली.

"चेष्टा करालाय व्हय, अण्णा? दगूड हाय ह्यो."

कृष्णात हसला नाही. त्याचा उरलेला डोळा संताजीच्या हातावर आला. बोटांवरचे जुने फोडांचे डाग, नखापाशी एक ताजी चीर, जिचं संताजीला भानही नव्हतं. कृष्णातचं बोलणं अडखळत होतं, पण विचार नाही.

"अण्णा. कॉक मी... फकस्त तवाच उघडत न्हाई. बॉल मऊ असला तर."

संताजीनं हात पाठीमागं नेले.

"त्या दिवशी तुमी मला काय सांगितलासा?"

गॅसवर सार उकळत होतं.  संताजीनं दाराची चौकट धरली. तीही हाताला लागत नव्हती.

"मऊ," तो म्हणाला. "मऊ म्हणालो मी. कडक हुता. मला कळंना झालंय, कृष्णात. थंडीपासनं कळंना झालंय. कुणाला बोललो न्हाई."

कृष्णात शिव्या देईल, अंगावर येईल, निदान ओरडेल, असं संताजीला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. कृष्णातच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं आणि त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. तो बायकोकडं वळला आणि लहान मुलासारखा म्हणाला, "ऐकलंस, धना? माझं चुकलं न्हवतं. मी बरोबर हुतो." आणि पुन्हा, "मी बरोबर हुतो." त्याचं ते सुख बघणं संताजीला मारापेक्षा जड गेलं.

"उद्या शेडमधी सांगशिला? सगळ्यांच्या म्होरं?" कृष्णातनं विचारलं.

"सांगतो."

आणि सांगितलंही त्यानं. रघुनंदननं मध्येच हात वर केला, "बेडा, संताजी, नको. झालं ते झालं, आता उकरून काढू नका." लिहिलेलं काही बदललं नाही. संताजीला मात्र दुसऱ्या दिवसापासून गेटवर बसवलं. पण शेडमधल्या प्रत्येकानं ते ऐकलं, आणि कृष्णातला तेवढंच हवं होतं. हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी अजून जेवण व्हायचं होतं.

"जेवा, अण्णा," कृष्णात म्हणाला. संताजी जायला निघाला होता, त्याला त्यानं डाव्या हातानं खाली बसवलं. "धना, वाढ."

 धनलक्ष्मीनं ताट मांडलं, भात वाढला आणि गॅसवरून उतरवलेलं सार पातेलं फडक्यानं धरून वरून ओतलं. ताटातून वाफ येत होती. संताजी वाट बघत बसला. तिच्याकडून रोजचे शब्द येईनात. शेवटी त्यानं मान खाली घालून हात घातला आणि भात कालवायला लागला. त्याची बोटं लाल होत गेली. तो कालवतच राहिला.

धनलक्ष्मी समोर बसून त्या बोटांकडं बघत होती. निवू द्या, असं ती म्हणाली नाही.